लाल टोपण डावीकडं

आमच्या ह्यांचं बोलणं आणि उजवा हात एकाच दिवशी गेला. तेव्हापासून घरात बोलणारी मी एकटीच. मुलगा पुण्यात. फोनवर म्हणायचा, "आई, सोलापूरचं घर बंद करू. तुम्ही दोघं इकडं या."

"अण्णांना विचारते."

"अण्णांना काय कळतंय आता? तूच ठरव. रविवारी सांग मला."

कळतंय का, हेच तर मला बघायचं होतं. नव्या पेठेतल्या कापडदुकानाचं काम सुटल्यावर ह्यांना लॅपटॉपवर पोकरचा नाद लागला होता. पैसे लावून कधी नाही. एक सॉफ्टवेअर होतं. पत्ते आणि जागा भरायची, ते उत्तर द्यायचं, आणि आपलं उत्तर त्याच्याशी ताडून बघायचं. मी ज्वारी निवडत बसले की समजावून सांगायचे, "पुढ्यात थोडेच पैसे उरले की रेंगाळायचं न्हाय. एक तर सगळं पुढं ढकलायचं, न्हायतर पानं टाकून डाव सोडायचा. आपल्या मागनं बोली करणारे जास्त असतील तर पानं चांगली पायजेत. एकच राहिला असला तर साध्या पानावर पण ढकलायचं की." मी व्हय व्हय म्हणत खडे काढायची.

व्यायामाला येणाऱ्या बाई म्हणाल्या, आवडीचं काहीतरी करून घ्या. म्हणून दुपारची जेवणं झाली की मी चौघांची पानं वाटू लागले, दोन-दोन. हे माझ्या उजव्या हाताला, उरलेल्या दोन जागा रिकाम्या. पैशांच्या जागी चिंचोके. वाटणाऱ्यापुढं औषधाच्या बाटलीचं लाल टोपण. ह्यांच्या आधी बोलणाऱ्यांनी पानं टाकली, असं धरायचं. ह्यांनी डाव्या हातानं चिंचोके ढकलायचे, नाहीतर पानं पालथी करायची.

ह्या खेळात वाटणाऱ्याच्या पुढचे दोघं सगळ्यांच्या शेवटी बोलतात. म्हणजे लगतच्या शेजाऱ्यामागं एकच उरतो. मी वाटणारी, शेजारी हे. तशीच जागा मी लॅपटॉपवर भरली. राजा आणि सत्ती आली. सॉफ्टवेअर म्हणालं ढकला. ह्यांनी पानं पालथी केली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. जोडी आली की ढकलायचे, पण तो मला योगायोग वाटायचा. मग मी ह्यांना काही विचारायचंच सोडलं. भाजी कुठली करू, हेसुद्धा. वाईट वाटलं म्हणावं तर तेही नाही. चहा केला की दोघांचे कप विसळून ठेवायची आणि खुर्चीत बसून राहायची.

एकच त्रास होता. डाव झाला की मी टोपण उजवीकडं सरकवायची आणि हे ते ओढून माझ्या डाव्या हाताच्या रिकाम्या जागेपुढं ठेवायचे. मी म्हणायची, "अहो, खेळणं आहे का ते?" आणि परत उजवीकडं ठेवायची.

शनिवारी त्यांनी टोपण ओढलं आणि मग ते लॅपटॉपकडं बघत राहिले. मीही बघितलं. पडद्यावरचं वाटणाऱ्याचं टोपण डावीकडं चाललं होतं, घड्याळाच्या काट्यासारखं. आमच्या घरात पत्ते कायम उजवीकडून वाटले जातात, सांगोल्याला माहेरीसुद्धा तसंच. मी सगळा डावच उलटा मोजत होते. डावीकडून मोजलं तर शेवटी बोलणाऱ्या दोन्ही जागा रिकाम्या, आणि मी वाटल्यावर हेच सगळ्यात आधी बोलणारे. मागं तिघं.

जागा बदलून राजा-सत्ती पुन्हा भरली. सॉफ्टवेअर म्हणालं, पानं टाका.

मला रडू आलं नाही. हसूही नाही. मी चिंचोके गोळा करून त्यांच्यापुढं ठेवले आणि म्हणाले, "अहो, पोरगं पुण्याला या म्हणतंय. घर बंद करून. जायचं असलं तर ढकला. नसलं तर पानं पालथी करा."

ते पालथी करतील असंच मला वाटत होतं. त्यांनी बराच वेळ माझ्याकडं बघितलं आणि तळहातानं सगळे चिंचोके पुढं लोटले. दोन-तीन खाली पडले, एक पलंगाखाली गेला.

मी फोन लावला. "येतो म्हणतायत."

"कोण म्हणतंय?"

"अण्णा."

 मी फोन कानाला तसाच धरून पलंगाखालचा चिंचोका काढला, पुसला आणि डब्यात टाकला.