माझा राहिलेला सत्कार

सरकारचा आदेश निघाला की माणूस निवृत्त होतो, हा सरकारचा गैरसमज आहे. निदान हिंगोली जिल्ह्यात तरी माणूस खरा निवृत्त होतो तो माझ्या साखरा गावच्या मित्राच्या हातून. त्यानं फेटा बांधला, शाल घातली, वहिनींना शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि पाऊण तास भाषण ठोकलं, की समजायचं, सुटला हा गडी. गंमत म्हणजे या माणसानं जन्मात एक दिवसाची नोकरी केलेली नाही. हिंगोलीच्या कॉलेजात आमच्याबरोबर बीएस्सी झाला आणि सरळ शेतावर गेला, तो आजतागायत सोयाबीन आणि तुरीतच आहे. पण रजा रोखीकरणाचा नियम विचारा, पेन्शनच्या कागदांचा क्रम विचारा, बैल पाणी पितात तोवर सांगून मोकळा. आमच्या दहाबारा जणांच्या कंपूला त्यानं चाळीस वर्षं बांधून ठेवलं ते फोनवर. पहाटे सहाला फोन वाजला की तोच. हॅलो वगैरे भानगड नाही. एकदम, "तिकडं ढग हायत का?" पुण्यात बाराव्या मजल्यावर झोपलेल्या माणसालाही हाच प्रश्न, आणि तो बिचारा उठून खिडकीत जाऊन खरंच बघून येतो.

फेटा तो स्वतः बांधतो आणि इतका आवळून बांधतो की सत्कारमूर्तीच्या भुवया वर चढतात. आमच्या सगळ्यांच्या निवृत्तीच्या फोटोत माणूस दचकल्यासारखा दिसतो तो त्यामुळे. कुणा साहेबानं भाषणात "आता आयुष्याची दुसरी इनिंग" असं म्हटलं की याचं डोकं फिरतं. एकदा तर भर मांडवात उठून यानं साहेबांनाच विचारलं, "साहेब, पहिल्या इनिंगमधी ह्यो खेळला कवा?" साहेब जे बसले ते पुन्हा उठले नाहीत.

आमच्या पिढीला जन्मतारीख आईबापानं नाही, शाळेतल्या गुरुजींनी दिली. नाव घालायला आणलेलं प्रत्येक लेकरू त्यांच्या लेखी एक जूनलाच जन्मलेलं. परिणाम असा की आमचे मित्र मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी घाऊक भावात निवृत्त व्हायला लागले. एका वर्षी तर एकाच दिवशी तिघे. सकाळी हिंगोली, दुपारी सेनगाव, संध्याकाळी औंढा. उन्हानं डांबर पातळ झालेलं, आणि हा फटफटीवर फेट्यांचं गाठोडं बांधून पळतोय. त्या धांदलीत सेनगावला तलाठी मित्राच्या सत्कारात यानं सकाळच्या मास्तराचं भाषण केलं. याच्या हातून शिकलेली पोरं आज डॉक्टर झाली, यानं गणिताची भीती घालवली, असं बरंच काही. कचेरीतली मंडळी एकमेकांची तोंडं बघायला लागली. तलाठी मात्र रुमालानं डोळे पुसत होता. नंतर मी त्याला विचारलं, अरे, तू थांबवलं का नाहीस? तर म्हणाला, उभ्या जन्मात माझ्याबद्दल कुणी एवढं चांगलं बोललं नव्हतं, मधेच काहून अडवू?

तर असा हा माणूस. आणि यंदा माझी पाळी होती. गुरुजींनी मला एक जूनच दिला होता, पण वर्ष पुढचं टाकलं, म्हणून कंपूत मी शेवटचा. बायकोनं मार्चमध्येच साडी घेऊन ठेवली. मी आपला वाट बघतोय. मे उजाडला, याचा शब्द नाही. मी आडून विचारलं, तर लग्नसराईमुळे कार्यालय मिळेना म्हणाला. जूनमध्ये पेरणी निघाली. मग आषाढातला चिखल, मग फेटेवाल्याकडं चांगलं कापड न्हाई, मग पितृपक्ष. पहाटेचे फोन नेमानं यायचे, ढगांची चौकशी व्हायची, पण सत्काराचं नाव काढलं की याच्या मोबाईलची रेंज जायची. आता मला सांगा, राग येणार नाही तर काय? ज्यांनी उभा जन्म कुणाला ओळखलं नाही अशा माणसांनासुद्धा यानं फेटे बांधले, आणि चाळीस वर्षांच्या दोस्ताला टांग मारतो?

दसरा झाल्यावर मी गाडी काढली आणि तडक साखऱ्याला गेलो. सोयाबीन काढून झालेलं, हा बांधावर बसून विळ्याला धार लावत होता. मी मनातलं सगळं बोललो, आवाज चढवून बोललो. मास्तर, तलाठी, सगळ्यांची यादी वाचली. त्यानं ऐकून घेतलं. विळा खाली ठेवला.

"मास्तर कुठं हाय आता?" त्यानं विचारलं.

"पुण्याला. पोराकडं."

"आन् तलाठी?"

"नागपूरला."

"ज्याला ज्याला म्या फेटा बांधला, त्यो सहा महिन्यांत गाव सोडून गेला. आता हिकडं तू एकटा राहिला. तुला माझ्याच हातानं काहून वाटंला लावू?"

पुण्याला राहायला जायचा विषय मी त्याच्याकडं कधी काढलाच नव्हता. पोरानं पुण्यात आमच्यासाठी खोली रंगवून ठेवली आहे, हे त्याला कसं कळलं देव जाणे. मग त्यानं मला चहा पाजला आणि इकडचं तिकडचं बोलून घरी धाडलं.

आता पोराचा दर रविवारी फोन येतो, बाबा, कधी निघताय? मी सांगतो, अजून सत्कार व्हायचाय रे, तसं निघणं बरं दिसत नाही. बायको मार्चमधली साडी काढते, झटकते आणि पुन्हा घडी घालून कपाटात ठेवते. गुडघे फार दिवस साथ देणार नाहीत, कधीतरी जावंच लागेल, हे मलाही ठाऊक आहे आणि त्यालाही. हल्ली तो नुसत्या फोनवर भागवत नाही. दर मंगळवारी बाजाराच्या निमित्तानं हिंगोलीला येतो, पिशवीभर तुरीच्या शेंगा ओट्यावर ठेवतो, तासभर बसतो. सत्काराचं नाव तो काढत नाही, मीही काढत नाही. फटफटीला किक मारताना तेवढं विचारतो, "पुढल्या मंगळवारी हायस ना?"

मी म्हणतो, "हाय."