मोबाईल म्हणते, कॉलेजात चोर आहेत

बाभुळगावच्या एका कॉलेजची वेबसाइट मी लोहाऱ्यातल्या माझ्या ऑफिसातून सांभाळायचो. सांभाळायचो म्हणजे, फोन आला की शिव्या खायचो. त्या वर्षी प्रवेशाचे फॉर्म पहिल्यांदाच साइटवर आले आणि प्राचार्यांचा फोन खणखणला.

"अरे बाप्पा, साइट उघडली का मोबाईल म्हणते, इथं तुमची माहिती चोरीले जाईल. एक बाप येऊन बसला माह्यासमोर. पोरीचा फॉर्म भरत नाही म्हणते!"

मी गाडी काढली. बाप खरंच बसला होता. तांड्यावरचा शेतकरी, मोबाईल पुराव्यासारखा पुढे धरलेला.

"साहेब, हा मोबाईलच सांगून राह्यला चोर हायेत म्हणून. पोरगी कायले टाकू इथं?"

"खालचं बटन दाबून पुढं जा म्हणा त्याले," प्राचार्य मला म्हणाले. "मी रोज तसाच जातो."

साइट खरी आहे याची खात्री देणारं एक सर्टिफिकेट सर्व्हरवर असतं. आमचं माझ्या आधीच्या माणसानं घरीच बनवलेलं, तेही इतक्या जुन्या, कच्च्या पद्धतीनं की कुठलाही मोबाईल बोंबलणारच. बाप बरोबर होता. हे सांगितल्यावर प्राचार्यांनी भिंतीवरचं, फ्रेममधलं आगीपासून सुरक्षेचं सर्टिफिकेट दाखवलं.

"हे नाही चालत का?"

नाही चालत. मी रीतसर, पक्कं सर्टिफिकेट काढून सर्व्हरवर चढवलं. बापाच्या मोबाईलवर साइट गुमान उघडली. प्राचार्यांच्या कॉम्प्युटरवर मात्र लाल इशारा तसाच.

दुपारभर मी सर्व्हरचा उद्धार केला. मग स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं. कॉम्प्युटरच्या आतली, तारीख-वेळ जपणारी छोटी बॅटरी मेली होती आणि तो कित्येक वर्षं मागे जगत होता. त्याच्या हिशेबानं माझं सर्टिफिकेट अजून जन्मायचंच होतं.

"म्हंजे चोर सरांच्याच कॉम्प्युटरात हाय," बाप म्हणाला. प्राचार्य खिडकीबाहेर बघू लागले.

फॉर्म बापाच्याच मोबाईलवर भरला. पुढे पोरीला प्रवेशही मिळाला. पण त्या दिवशी मोबाईल परत देताना मला त्यावर अनोळखी नंबरावरून आलेली लग्नपत्रिका दिसली. पत्रिकेच्या नावाखाली चोरच असली फाइल पाठवतात; ती उघडली की बँकेतलं सगळं साफ होतं.

"कोणाचं लग्न आहे, भाऊ?"

"काय माहीत बा. तेच उघडून पाहतो आता."

मी मोबाईल त्याच्या हातातून ओढूनच घेतला.