रणांगणावरची चूल

कामोठ्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहणारे काका लग्नाच्या जेवणाची कंत्राटं घेतात. लग्नसराई संपली की जुनी व्हॅन काढतात आणि एकटेच रणांगणं बघायला निघतात. सोबत कुणाला नेत नाहीत. म्हणतात, "दुसरा मानूस फोटो काढीत बसतो. मला चूल बघायची असते."

चूल म्हणजे, एवढ्या फौजेचा स्वयंपाक कुठे झाला असेल ती जागा. कोण जिंकलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. जालन्याकडचं असईचं मैदान बघून आले तेव्हा जिन्यातच सांगत सुटले, "जागा एक नंबर हाय! नदी जवल, जमीन सपाट. पंगतीवर पंगती उठल्या असत्या." बोलताना त्यांचा हात हवेतच भात उपसत होता. मला हे वेड फार आवडतं.

यंदा ते पानिपतला जाऊन आले. मी नेहमीसारखं विचारलं, "मग काका, चूल सापडली?"

"शिजवायला काय होतं त्यांच्याकडं? उपाशी उभी रायली ती मानसं लढायला," एवढंच म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

त्या रविवारी त्यांनी पार्किंगमध्ये अख्ख्या बिल्डिंगला जेवायला बसवलं. निमित्त कुणालाच कळलं नाही. एरवी खुर्चीतून वाढप्यांवर ओरडणारा हा माणूस स्वतः पुऱ्यांची परात घेऊन वाकत होता. प्रत्येकासमोर थांबून विचारत होता, "पोट भरलं ना? खरं सांग."

माझं पोट तुडुंब भरलं होतं. तरी मी ताट पुढे केलं.