उजेडसाहेब

उजेडसाहेबांनी पहिल्या भेटीत कुणाला "काय होतंय?" असं विचारलेलं मला आठवत नाही. ते माणसाला दंडाला धरून दवाखान्याच्या पायरीवर उन्हात आणायचे, खालची पापणी बोटाने ओढायचे, "वर बघ" म्हणायचे, आणि मग नाव विचारायचे. खोकलेवाला असो की विळा लागलेला, सुटका नाही. एकदा तार घेऊन आलेल्या पोस्टमनचीही त्यांनी पापणी ओढली. बिचारा त्या गडबडीत तार परत घेऊन गेला.

चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यातली, पन्नास सालानंतरची ही गोष्ट. गडचिरोली तेव्हा चांद्यातच होती. पोंभुर्ण्याजवळच्या एका सरकारी दवाखान्यात ते डॉक्टर आणि मी कंपाउंडर. म्हणजे मी लाल औषधात पाणी घालायचो, आणि बाटली रिकामी होत आली की पाण्यात लाल औषध. साहेबांचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. "उजेडात या, दिव्याच्या उजेडात सगळेच पिवळे दिसतात," हे त्यांचं रोजचं वाक्य होतं, त्यावरून लोकांनीच हे नाव ठेवलं.

त्यांच्या डोक्यात एकच काळजी होती, कावीळ. दर उन्हाळ्यात नाले आटले की लोक वाळूत झिरे खणायचे, ते पाणी प्यायचे आणि पिवळे पडायचे. साहेब वर कळवायचे. वरून उत्तर यायचं की हा हवापालटाचा परिणाम असावा. एका मोठ्या डॉक्टरांनी तर त्यांना तोंडावरच सांगितलं, "कावीळ ना? ती वैदूकडे पाठवायची असते." त्या दिवशी साहेब जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते खरंच वैदूकडे गेले. मला वाटलं, आता भांडण होणार, म्हणून मी दाराबाहेरच थांबलो. पळायला सोपं. पण साहेब म्हाताऱ्यासमोर मांडी घालून बसले. "आबा, तुमची काविळीची माळ घाला. मंत्र म्हणा. फक्त तापल्या सळईनं डागू नका, आणि माळ घालताना सांगा की पाणी उकळून प्यायचं."

वैदू म्हणाला, "अन् न उकळता पेला तं?"

"तर माळ उतरणार नाही, आणि कावीळही नाही म्हणा."

"हे बरं हाय जी," म्हातारा खूश झाला. "म्हंजे नाई उतरली तं दोष माया नाई!"

बाजाराच्या दिवशी साहेब मटणाच्या दुकानासमोर उभे राहून बकऱ्याची कलेजी हातावर घ्यायचे आणि लोकांना दाखवायचे, "ही अशीच तुझ्या उजव्या बरगडीखाली आहे. हिच्यावर मोहाची दारू ओतू नको, झिऱ्याचं पाणी ओतू नको." मी शेजारी पत्र्याचा भोंगा घेऊन ओरडायचो, "पाणी उकळा हो, पाणी उकळा!" मार्कंड्याच्या जत्रेत तर इतका ओरडलो की तीन दिवस आवाज गेला. घसा बसला म्हणून घरी येऊन गार पाणी प्यायलो. झिऱ्याचं. दवाखान्यात उकळलेलं, घरी गोड, असा माझा हिशेब होता.

त्याच उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण सखू हिचं लग्न ठरलं. ती आठ दिवसांपासून जेवत नव्हती, जिथे बसेल तिथे झोपत होती. आई म्हणाली, "सासरी जाची हाय, जीव लागून राह्यला तिचा." मलाही पटलं. हळदीच्या दिवशी ती पिवळीधमक झाली. हळदीत नवरी पिवळी नाही तर काय निळी दिसणार? गावोगाव भोंगा फुंकणारा मी, तिच्यासमोर बसून लाडू खात होतो.

साहेब आले, मांडवात बसले आणि दोन मिनिटांत उठले. "हिला उन्हात आण."

बायकांत एकच गलका झाला. हळद लागली की नवरी मांडवाबाहेर पाय टाकत नाही. शिवाय नवरदेवाकडचे आलेले. इवाई, म्हणजे सखूचे सासरे, मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "काऊन जी? पोट्टीत खोट हाय का? तसं असंन तं आत्ताच सांगा." आईचा चेहरा उतरला. लग्न मोडलं तर काविळीची पोरगी म्हणून सखूला कोण करणार? आणि नाही मोडलं, तर दोन दिवसांचा बैलगाडीचा प्रवास आणि उपास. त्यात ती वाचते का?

साहेब एका उखळावर चढले आणि मांडवावरची जांभळीची डहाळी उचलून बाजूला सारली. उन्हाचा ताटाएवढा तुकडा खाली पडला. "नवरी बाहेर येत नसेल तर उजेड आत येईल. आणि एकटी नवरी नाही. सगळे बसा, इवाई तुम्ही पण. सुरुवात माझ्या कंपाउंडरपासून."

मी ऐटीत बसलो. साहेबांनी माझी पापणी ओढली आणि बराच वेळ सोडलीच नाही.

"गाढवा," ते हळूच म्हणाले, "तू झिऱ्याचं प्यालास."

मग सखू बसली. तिचे डोळे माझ्यापेक्षा पिवळे होते. तेवढ्यात इवाई गदगदा हसले. "भोंगेवाल्यालेच झाली! सरकारी मानसाले होते तं पोट्टीचा काय दोष? बरी करा जी तिले. आमी थांबतो." आयुष्यात माझा मूर्खपणा कुणाच्या कामी आला असेल तर तो एवढाच.

दवाखान्यात आम्ही दोघं समोरासमोरच्या खाटांवर. पेज, उसाचा रस, आराम. मी सुधारत गेलो, ती नाही. साहेब रोज सकाळी तिला दारापाशी उजेडात बसवत, हात पुढे धरायला लावत आणि विचारत, "भावाचं नाव काय?" ती रोज म्हणे, "येडा." साहेब म्हणत, "बरोबर. हात स्थिर, डोकं शाबूत. कावीळ मेंदूत गेलेली नाही."

नवव्या दिवशी तिचे हात थरथरले. साहेबांनी भावाचं नाव विचारलं. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "हा कोन हाय?"

साहेबांनी खुर्ची तिच्या खाटेला लावली. दोन दिवस ते घरी गेले नाहीत. मी देवाकडे दुसरं काही मागितलं नाही, तिने मला येडा म्हणावं एवढंच मागितलं. तिसऱ्या सकाळी, डोळे न उघडताच, ती पुटपुटली, "येडा हाय तो." साहेब उठून बाहेर गेले आणि पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसले.

सखू आज आजी आहे. आमच्याकडे अजूनही हळदीच्या दिवशी मांडवाची एक डहाळी उचलतात. नव्या पोरांना वाटतं, ती देवाची रीत. मी खोडून काढत नाही. त्या उन्हात पहिला मीच जाऊन बसतो.

तिचं लग्न लागल्यावर श्रावणात साहेबांची बदली झाली. दिवाळीआधी त्यांच्या घरून पत्र आलं, पोटात पाणी होऊन साहेब वारले. लिव्हर वर्षभर सुजलेलं होतं म्हणे. कुणाला दाखवलं नव्हतं.

मला त्यांच्या निघण्याची, मोटारीजवळची सकाळ आठवते. त्यांनी माझी पापणी ओढली, "स्वच्छ," म्हणाले. त्यांनी काळा चष्मा लावला होता, पूर्वी कधी पाहिला नव्हता. मी म्हणालो, "साहेब, चष्मा शोभून दिसतो हो!"

"ऊन फार आहे रे," ते म्हणाले.

आभाळ गच्च भरलेलं होतं. आणि मी, त्यांचा कंपाउंडर, हसत हसत त्यांची ट्रंक मोटारीवर चढवत होतो.