सिरिल ओल्डरॉइड यांची आभारपत्रं

आमच्या शेजारच्या सिरिल ओल्डरॉइडना सगळं ऑल्डरकोट गाव सभ्य म्हणतं. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून अठ्ठावीस वर्षं काढली आहेत, म्हणून सांगते, हा सभ्यपणा नव्हे, आजार आहे. दाराला धडकले तर दाराची माफी मागतील. माझ्या कुत्र्याने एकदा त्यांची पोटरी फोडली, तर संध्याकाळी पत्रपेटीत चिठ्ठी: "त्याच्या वाटेत आलो, क्षमा असावी."

ऑल्डरकोट पायवाट मंडळ त्यांनीच काढलं. दर रविवारी दहा वाजता चर्चच्या फाटकाशी आम्ही पंधरा-वीस जण जमायचो. गुडघे दुखणारे, गुडघे दुखतात असं सांगणारे, आणि घरी बायको नको म्हणून आलेले. सिरिल पुढे, नकाशा गळ्यात. मी सगळ्यांत मागे, कारण मागून सगळ्यांचं बोलणं ऐकू येतं. वाट मोठ्या हवेलीच्या बागेतून जायची: तळ्याच्या कडेने, जुन्या देवदाराखालून, हरणांच्या कुरणातून पलीकडच्या रस्त्याला. हवेलीच्या जुन्या मालकीणबाई लेडी हॉर्नबी खिडकीतून हात हलवायच्या. आम्हीही हलवायचो. भांडण नव्हतंच कसलं.

त्या देवदाराचं मात्र सांगायला हवं.

सिरिलची मुलगी हेदर उन्हाळ्यात हवेलीच्या बागेत कामाला असायची. दुपारची सुट्टी झाली की देवदाराखाली आडवी पडायची, चेहऱ्यावर टोपी टाकून. विसाव्या वर्षी मेंदूज्वराने गेली, चार दिवसांत. सिरिल आणि त्यांची बायको एनिड यांनी तिची राख एका सकाळी गुपचूप त्या झाडाखाली विखुरली. कुणालाही न विचारता. जन्मात एकच गोष्ट सिरिलनी न विचारता केली, ती ही. पुढच्या वसंतात मंडळ निघालं. एकट्या माणसाला दर रविवारी परक्याच्या बागेत उभं राहता येत नाही. वीस जणांच्या घोळक्याला येतं.

हे मला एनिडने कपडे वाळत घालताना सांगितलं होतं. माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. हे राहिलं. एनिड गेली तरी राहिलं.

मग लेडी हॉर्नबी गेल्या. भाच्याने हवेली एका लग्नसमारंभवाल्या कंपनीला विकली आणि फाटकावर पाटी आली: वाट बंद.

मंडळात तर आनंदीआनंद. म्हणजे राग होता, पण आमच्याकडे सेवानिवृत्त माणसाला राग हीच पर्वणी. कायदा सरळ होता: लोक वीस वर्षं एखाद्या वाटेने उघडपणे, जोरजबरदस्ती न करता आणि मालकाची परवानगी न घेता चालत असतील, तर ती वाट लोकांची. आम्ही चोवीस वर्षं चाललो होतो. सरकारकडे अर्ज केला, सत्तावीस जणांनी साक्षी लिहून दिल्या. मॉरिस बेनबोने तर ज्या रविवारी तो दवाखान्यात होता त्याही रविवारी आपण चाललो असं लिहिलं.

फक्त सिरिल दिवसेंदिवस वाळत चालले. सुनावणीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, तर समोर चहा गार, त्यावर साय.

"अहो, हे काय? उद्या जिंकणार आहोत आपण. मी नवी टोपी घेतलीय."

"गेनर," ते म्हणाले, "मी लेडी हॉर्नबींना दर जानेवारीत मुरंबा पाठवायचो."

"ठाऊक आहे की. कडवट संत्र्यांचा. मलाही एक बाटली देता, मी ती बहिणीला देते."

"सोबत पत्र असायचं."

"बरं मग?"

"आभाराचं. 'आपण कृपाळूपणे दिलेल्या परवानगीबद्दल मंडळ ऋणी आहे.' दरवर्षी. आणि त्या उत्तर द्यायच्या, 'अवश्य या, माझी परवानगी आहेच.'"

मी खुर्चीत बसले. कोट न काढता.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला आभार मानायला?"

"कुणी नाही. मला... एकदा न विचारता काही ठेवून आलो होतो ना तिथे. मग दरवर्षी वाटायचं, निदान चालण्याचं तरी विचारावं."

मी गार चहाचा कप त्यांच्यापुढून बाजूला सरकवला. मग मी म्हणाले, "ती पत्रं म्हातारीने फेकलीही असतील. आणि नसतील फेकली तर म्हणा, आठवत नाही. तुम्ही शहात्तरचे आहात, कुणालाही पटेल. मला तर आत्ताच पटतंय."

ते हसले नाहीत.

लेडी हॉर्नबी काहीच फेकत नसत. गावच्या सभागृहात, जिथे आमचा केकचा बाजार भरतो त्याच टेबलावर, कंपनीच्या वकीलबाईंनी चोवीस पत्रं रिबिनीसकट ठेवली. सरकारी निरीक्षकाने चष्मा पुसला. "मिस्टर ओल्डरॉइड, हे अक्षर आपलं?"

मी मागून खोकले. दोनदा. जमेल तितक्या मोठ्याने.

"माझंच," सिरिल म्हणाले. "शेवटच्या दोन वर्षांत हात थरथरतो, म्हणून वेगळं दिसतं. पण माझंच."

"परवानगी मागण्याचं काही खास कारण?"

सिरिलनी वळून माझ्याकडे पाहिलं. तिथे एक वाक्य बोलले असते तर सभागृहातल्या निम्म्या बायका रडल्या असत्या. कायदा हलला नसता, पण कंपनीच्या मॅनेजरला, त्या टिंडलला, मान खाली घालावी लागली असती. माझ्या जिभेवर आलं होतं. सिरिलनी एवढीशी मान हलवली. नाही.

"सभ्यता म्हणून," ते निरीक्षकाला म्हणाले.

सहा आठवड्यांनी निकाल आला. वाट नाकारली. फाटकाला कुलूप बसलं. मंडळातलं कुणी सिरिलना एका शब्दाने बोललं नाही, आणि आमच्याकडे याहून वाईट काही करता येत नाही. "छान हवा आहे" म्हणायचे आणि पुढे जायचे. मॉरिस तर पावसातही म्हणाला. रविवारचं चालणं आता कालव्यावरून असतं. सिरिल एकदाच आले, अर्ध्या वाटेवरून परतले.

मी त्यांना रोज छळलं. "सांगा ना त्या टिंडलला खरं कारण. माणूसच आहे तो, मी त्याला शेपूट पाहिलेलं नाही."

"आणि त्याने राख काढायला लावली तर?"

"पंचवीस वर्षांपूर्वीची राख कोण काढतं हो?"

"न विचारता टाकली होती, गेनर." हे म्हणताना त्यांचा आवाज असा झाला की मी माझ्या दाराकडे निघाले.

तरी त्यांनी टिंडलला पत्र लिहिलं, कारण न देता. मग आणखी तीन लिहिली. चौथ्याला उत्तर आलं: मंडळाचे जुने चिटणीस म्हणून एकदाच, गुरुवारी अकराला, अर्धा तास, सोबत आमचा माणूस असेल. 'सोबत आमचीही बाई असेल' असं ठरवून मी नवी टोपी घातली.

टिंडल स्वतःच आला. तरुण, स्वच्छ, मनगटावर मोठं घड्याळ. तळ्यावरून गेलो. सिरिलना एरवी माझ्यापुढे शंभर पावलं राहायची सवय. त्या दिवशी माझ्या कोपराला धरून चालत होते.

देवदार जागेवर होता. त्याच्याखाली मात्र जमीन नव्हती. खोडापासून पार कुरणापर्यंत लाकडी फळ्यांचा चौथरा ठोकलेला, वर लग्नाच्या तंबूचे खांब.

"ओल्या गवतात नवरीची सँडल रुतते," टिंडल म्हणाला. "आता वर्षभर वापरता येईल."

"हा निघतो का? हिवाळ्यात?" सिरिलनी विचारलं.

"नाही, नाही. खाली काँक्रीटचे पाये आहेत."

सिरिल चौथऱ्यावर चढले. मी टिंडलचा दंड धरला आणि त्याला तळ्याकडे वळवलं. बदकांचं विचारलं. त्याच्या आईचं विचारलं, ती कुठली, तिचे गुडघे कसे आहेत. मॉरिसच्या मूळव्याधीची सबंध हकीकत सांगितली. आयुष्यात इतक्या घाईने आणि इतकी वाईट बडबड मी कधी केली नव्हती. त्याचं एकाही शब्दावर लक्ष नव्हतं, पण मान वळवायला मी जागा देत नव्हते.

त्याच्या खांद्यावरून मला दिसत होतं. सिरिल गुडघ्यांवर बसले होते, मग कोपरांवर. दोन फळ्यांच्या फटीत त्यांनी बोट घातलं होतं. पूर्ण आत, बोटाच्या मुळापर्यंत. बोट कशालाच लागत नव्हतं, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं. काढलं. पुढच्या फटीत घातलं. मग त्याच्या पुढच्या.

"त्यांचं काही हरवलंय का?" टिंडलने शेवटी वळून विचारलं.

"हो," मी म्हणाले.

टिंडलने घड्याळ पाहिलं, आणि फळ्यांवरून चालत सिरिलना उठवायला गेला.