घट बसले की सही करतो

गुरुजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोखाड्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी पत्र्याच्या भावावरून भांडत होतो. फोन ठेवला आणि त्याला म्हणालो, तू म्हणशील तो भाव. तो घाबरूनच गेला... त्या फोनला तीन आठवडे झाले. लिहायला बसलो की अजून राग आधी येतो, माणूस नंतर.

गुरुजी जव्हारचे निवृत्त शिक्षक, मी हमाली करत वर आलेला. लग्नातली दारू आणि डीजे बंद व्हावेत, गावदेवाचे नेम पाळावेत, घर म्हाताऱ्यांना विचारून चालावं, एवढ्यावर त्यांनी पक्ष काढला. मोठ्या पक्षाची माणसं 'सोवळ्यांचा पक्ष' म्हणून हसायची. मला सोवळ्याचं काही पडलं नव्हतं. पण वावर गावात एक म्हातारी दारुड्या लेकाचं सांगत रडली आणि गुरुजी तिच्यासमोर शेणाच्या जमिनीवर तासभर बसून राहिले, ते पाहून मी पक्षात शिरलो. मी माणसं जोडायची आणि गुरुजींनी नियम सांगून त्यातली निम्मी घालवायची, अशी आमची दोन वर्षं वाटणी होती.

पंचायत समितीची निवडणूक लागली. मोठ्या पक्षाशी घासाघीस करून मी मोखाड्याची एक जागा सोडवून घेतली. तिथे ते उमेदवार देणार नव्हते. आमचा उमेदवार मीच. पक्षाची उमेदवारी देणाऱ्या एबी फॉर्मवर अध्यक्ष म्हणून गुरुजींची सही तेवढी हवी होती. आणि अर्ज भरायचे दिवस आले ते नेमके पितृपंधरवड्यात.

"पंधरवड्यात नवं काम नाही. घट बसले की सही करतो."

"गुरुजी, अर्ज आहे, लग्न नाही."

"नेम पाळा म्हणून मतं मागायची आणि पहिला नेम आपणच मोडायचा?"

शेवटचा दिवस घटस्थापनेचाच होता, आणि अर्ज दुपारी तीनपर्यंतच घेणार होते. त्यांनी सावकाश पूजा केली, आरती केली, मग सही. वळणं घेत जीप मोखाड्याच्या कचेरीत पोचली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. दाराशी उभा असलेला अधिकारी त्यांचाच विद्यार्थी. मान खाली घालून म्हणाला, वेळ संपली. गुरुजी त्याला म्हणाले, बरोबर आहे तुझं. मी मात्र पायरीवर, सगळ्यांदेखत बोललो, "आता पितरांनाच सांगा मतं द्यायला."

पक्ष त्या पायरीवरच मेला. दिवाळीपर्यंत आमची माणसं मोठ्या पक्षात गेली, आणि मी गुरुजींशी बोलणं टाकलं.

शेवटी गुरुजी आजारी पडल्याचं कळलं तेव्हा दवाखान्यात गेलो, तो त्यांच्या तोंडून 'चुकलं' एवढा शब्द वसूल करायला. ते अगदी हळू म्हणाले, "चुकलं असेल, सदा. पण तुला अपक्ष म्हणून अर्ज भरता येत होता. तू कुणाचं ऐकणारा नाहीस... मग पंधरा दिवस माझ्या सहीसाठी का थांबलास?"

मी त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि मोखाड्याला परतलो. दोन दिवसांनी तो फोन आला.

दिवसकार्य झाल्यावर जव्हारला गेलो. त्यांच्या पुढच्या खोलीतच पक्षाचं कार्यालय होतं. भिंतीला लावलेल्या खुर्च्या तशाच होत्या. गुरुजींच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "तुझा तो सही केलेला फॉर्म त्यांनी कपाटात जपून ठेवलाय. नेतोस का?" राहू दे म्हणालो. थोडा वेळ बसलो, उठलो. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. ओठांवर आलेला शब्द गिळला, चपला घातल्या आणि बाहेर पडलो.