सेवदाबाईंचा डाग

आमच्या ऱ्होडोपी डोंगरातल्या वेधशाळेत सेवदाबाई काचा धुवायच्या. दुर्बिणीतून आकाशाचे फोटो तेव्हा काचेवर घेत. त्या काचा अंधाऱ्या खोलीत रसायनातून काढून, धुऊन, वाळवून ठेवणं हे त्यांचं काम. शाळा सातवीपर्यंत, आधी गावच्या डेअरीत चीज करायच्या. मी तिथे मेकॅनिक होतो.

एकदा आमचे खगोलशास्त्रज्ञ डॉक्टर लाझोव्ह काच हातात घेऊन तणतणतच आले. "बाई, हा बघा पाण्याचा डाग! काच फुकट गेली."

सेवदाबाईंनी काच उजेडात धरली. कोपऱ्याजवळ करडा, लांबट ठिपका होता.

"बावीस वर्षांत माझ्या हातून डाग पडलेला नाही, डॉक्टर."

"मग हे काय?"

"काय ते तुम्ही सांगा, शिकलेले तुम्ही. मी एवढंच सांगते, हे काचेवर नाही, आभाळात आहे."

"ताऱ्यांच्या यादीत तिथे काहीच नाही!"

"मग यादी धुवायला आणा माझ्याकडे."

मला हसू आवरेना. डॉक्टर पाय आपटत गेले. बाईंना मात्र ते फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्या जेवणाची सुट्टी तळघरात काढू लागल्या. आकाशाच्या त्याच तुकड्याच्या जुन्या काचा शोधत होत्या. पेट्या मी उतरवून द्यायचो. चौथ्या दिवशी एक सापडली, सहा वर्षांपूर्वीची. मग आणखी एक, अकरा वर्षांपूर्वीची.

तिन्ही काचा त्यांनी डॉक्टरांपुढे मांडल्या. तिन्हींत, त्याच ताऱ्यांच्या मधोमध, तोच करडा ठिपका.

"पाणी तीनदा एकाच जागी पडतं का हो?"

डॉक्टर बराच वेळ भिंगावरून डोळा काढेनात. कान लालबुंद झाले होते. शेवटी म्हणाले, "माझं चुकलं, सेवदाबाई."

हिवाळाभर डॉक्टरांनी त्या ठिपक्याचा प्रकाश तपासला. ती आजवर कुणी न नोंदलेली दीर्घिका निघाली. तिचा प्रकाश आपल्याकडे निघाला तो नव्वद कोटी वर्षांपूर्वी!

त्यावरचा शोधनिबंध छापून आला तो दिवस मला लख्ख आठवतो. भोजनघरात डॉक्टर बाकावर चढले आणि लेखकांची नावं खणखणीत आवाजात वाचली. दुसरं नाव सेवदा कारामितेवा. आचाऱ्याने पळी आपटून ठेका धरला, सगळे उठून टाळ्या वाजवू लागले.

सेवदाबाई उभ्या राहिल्या, मान ताठ. "नाव पुन्हा वाचा, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आणि जरा सावकाश."